वॉर्डातली पाचवी खुर्ची

नेपाळात २०१७ साली गल्लीबोळातल्या निवडणुका झाल्या. कायद्यानं प्रत्येक वॉर्डात एक दलित बाई निवडून आलीच पाहिजे असं ठरलं. वॉर्ड ६,७४३. निवडून आलेल्या दलित बाया ६,५६७. उरलेल्या १७६ वॉर्डांत उमेदवारच मिळाली नाही. आपल्या शिबिरांत हा आकडा अजून सांगतात, अजून टाळ्या पडतात. बघा, नेपाळनं करून दाखवलं!

पडू द्या टाळ्या. साडेसहा हजार दलित बाया एका दमात सत्तेच्या दारात उभ्या राहिल्या, ही लहान गोष्ट नाही. तिला लहान म्हणणारा आपला नाही. पण टाळ्या वाजवून हात मोकळे झाले की त्याच हातांनी ती खुर्ची जरा उलटी करून बघा. बुडाखाली कुणाचं नाव कोरलंय?

वॉर्डात पाच माणसं असतात. एक अध्यक्ष, दोन खुले सदस्य, एक बाई आणि एक दलित बाई. ही पाचवी खुर्ची आपली. तिच्यासाठी किती रक्त सांडलं ते आधी ऐका.

बाबासाहेब १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला गेले होते, महापरिनिर्वाणाच्या पंधरवडाभर आधी. जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःख दोघांनाही दिसलं, पण बळजबरीनं आणलेलं बळ असेपर्यंतच टिकतं, माणसाचं मन बदलावं लागतं, असा त्या बोलण्याचा रोख. चाळीस वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९९६ ला, त्याच देशात माओवाद्यांनी बंदूक उचलली. दहा वर्षं लढाई चालली. सतरा हजारांच्या आसपास माणसं मेली. तेराशेच्या वर बेपत्ता. त्यांच्या आया अजून दाराकडं बघतात.

कामी, दमाई, सार्की जातीची पोरं त्या फौजेत गेली. का नाही जाणार? १८५४ च्या मुलुकी ऐन नावाच्या राजाच्या कायद्यानं त्यांना पाणी न चालणारे, शिवल्यावर शिंतोडा घ्यावा लागणारे ठरवलं होतं. १९६३ ला कायदा बदलला. पाणवठा नाही बदलला. लोहाराचा कोयता चालतो, शिंप्याचं शिवलेलं चालतं, त्याचा हात चालत नाही. वर्षाकाठी मापभर धान्य टाकायचं आणि घराण्याचं घराणं राबवून घ्यायचं. तिकडं त्याला बालीघरे म्हणतात. आपण बलुतं म्हणतो. हिमालय मधे आला म्हणून गावगाडा बदलत नसतो.

आता निवडणुकांचा तमाशा बघा.

१९९७ ला गावपातळीवरची निवडणूक झाली. २००२ ला मुदत संपली आणि सरकारनं ती वाढवली नाही. गावं बिनमालकाची. गावाचे सचिव जीव मुठीत धरून जिल्ह्याच्या ठिकाणी पळाले. मग राजा ज्ञानेंद्रनं सत्ता स्वतःकडं घेतली आणि ८ फेब्रुवारी २००६ ला नगरपालिकांच्या निवडणुका लावल्या. पक्षांचा बहिष्कार, माओवाद्यांची धमकी. निम्म्याहून जास्त जागांना उमेदवारच नाही. जे उभे राहिले त्यांचा सरकारनं विमा उतरवला, त्यांना पहाऱ्यात ठेवलं. मतदान पाचात एकानं केलं. ज्या निवडणुकीत उमेदवाराचा आधी विमा उतरवावा लागतो, तिला निवडणूक म्हणायचं का मर्तिकाची तयारी?

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला तह झाला. बंदुका पेटीत गेल्या. लोकांना वाटलं, आता आपलं राज्य. पण गावाला निवडणूक मिळाली नाही. मिळाली सर्वपक्षीय यंत्रणा. म्हणजे काय? सगळ्या पक्षांचे स्थानिक पुढारी एका सतरंजीवर बसणार आणि विकासाचा पैसा एकमतानं वाटणार. ज्यांनी कालपर्यंत एकमेकांचे गळे कापले, त्यांचं पैशावर मात्र एकमत! विरोधी पक्ष नाही, हिशेब मागणारा नाही. इतकं खाल्लं, इतकं खाल्लं, की भ्रष्टाचारविरोधी आयोगालाच सांगावं लागलं, ही यंत्रणा मोडा. २०१२ च्या सुरुवातीला ती मोडली. खाल्लेलं मात्र पचलं.

वीस वर्षांनी, २०१७ ला, तीन टप्प्यांत मतदान झालं. माओवाद्यांतल्या फुटीर गटानं बहिष्कार पुकारला, बॉम्ब पेरले. तराईत मार्चमध्येच सप्तरीला पोलिसांच्या गोळीनं मधेशी माणसं पडली होती. सरकारनं हजारोंनी हंगामी पोलीस भरले, मतपेट्यांभोवती कडं केलं. आणि मतपत्रिका फाटल्या कुठं? कड्याच्या आत. भरतपूर शहरात मोजणी चालू होती. महापौरपदाला प्रचंड यांची मुलगी उभी होती आणि मागं पडली होती. प्रचंड तेव्हा राजीनामा दिलेले, पण खुर्ची न सोडलेले पंतप्रधान. १९ नंबरच्या वॉर्डाच्या मतपत्रिका मोजताना त्यांच्याच पक्षाच्या प्रतिनिधींनी नव्वद मतपत्रिका फाडल्या. ऑगस्टमध्ये त्या एका वॉर्डाचं फेरमतदान झालं आणि मुलगी २०३ मतांनी महापौर झाली. सर्वोच्च न्यायालयानंही फेरमतदानाला हरकत घेतली नव्हती. सगळं कायद्यात बसलं.

जंगलात ज्यांनी राजाची गादी उलथवायची शपथ घेतली, त्यांनी शहरात आल्यावर गादीचा वारसा घरात ठेवला. यात नवल कसलं?

पण दोस्तहो, बॉम्ब आणि फाडलेली मतपत्रिका डोळ्याला दिसते. पेपरात येते. चौकशी लागते. मला बोलायचंय न दिसणाऱ्या भीतीबद्दल.

पाचव्या खुर्चीसाठी दलित बाईला तिकीट कोण देतो? पक्षाचा स्थानिक पुढारी. तो कोण? बहुतेक बाहुन किंवा छेत्री, म्हणजे तिकडचा बामण नि क्षत्रिय. तिला मत कोण देतो? सगळा वॉर्ड. आणि सगळ्या वॉर्डात तिची माणसं मूठभर. आता ती पाणवठ्यावरच्या शिवाशिवीची तक्रार वॉर्ड समितीत मांडायला उठली, तर ती कुणाविरुद्ध उठते? ज्यानं तिकीट दिलं त्याच्याविरुद्ध. ज्याच्या शेतावर तिचा नवरा राबतो त्याच्याविरुद्ध. ज्याच्याकडून पोरीच्या आजारपणाला व्याजानं पैसे घेतले त्याच्याविरुद्ध. हंगामी पोलीस मतदानानंतर घरी जातो. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात पहारा कुणाचा?

तिच्या डोक्यावर पिस्तूल कुणी लावत नाही. गरजच नाही. चूल कुणाच्या हातात आहे, एवढं माहीत असलं की बास.

आपल्याला हे नवीन आहे का? १९३२ च्या पुणे करारात काय झालं? जागा दुपटीनं वाढल्या. आणि आपला माणूस आपण निवडायचा हा हक्क गेला. बाबासाहेबांनी तो घाव आयुष्यभर विसरला नाही. राखीव जागेवर बसलेला आपला, पण त्याला बसवणारा त्यांचा. गिरणीत मालकाला चालणारा कामगार प्रतिनिधी कसा असतो, हे रिंग खात्यात आठ तास उभं राहणाऱ्याला शिकवायला लागत नाही. तो आमच्यातलाच असतो. आमच्यासारखाच कापूस खोकतो. फक्त सही मालकाला पाहिजे तिथं करतो.

आणि पैसा कुठं ठरतो? वर. २०१७ ला ७५३ गावपालिका-नगरपालिकांचे प्रमुख निवडले गेले. त्यांत दलित दहाच्या आत. देशात दलित शंभरात तेराच्या वर. रस्त्याचं काम, डोजर, ठेका, उपभोक्ता समिती, ह्या सगळ्या चाव्या वर. कित्येक ठिकाणी ठेकेदारच निवडून आला, त्याचाच डोजर डोंगर खातो. पाचव्या खुर्चीच्या वाट्याला हजेरीपटावरचा अंगठा.

एक उदाहरण पुरे. २३ मे २०२०, पश्चिम रुकुम. ज्या मुलखात माओवाद्यांची लढाई वाढली तोच हा मुलूख. एक दलित पोरगा मित्रांना घेऊन वरच्या जातीतल्या आपल्या प्रेयसीला आणायला गेला. गावानं पाठलाग केला. भेरी नदीतून सहा तरुणांची प्रेतं निघाली, बहुतेक दलितांची. आरोपींत कोण होतं? वॉर्डाचा निवडून आलेला अध्यक्ष. कायद्यानं त्याच्या समितीतही दलित बाईची खुर्ची होती. खुर्ची काय करणार? २०२३ च्या डिसेंबरात जिल्हा न्यायालयानं जन्मठेपा दिल्या. पण दगड उचलायला हात धजावला तो का? वॉर्ड आपला, पोलीस आपला, मतं आपली, हे त्या हाताला ठाऊक होतं.

आणि ज्यांची मतं तिकडं उपयोगी पडली असती ते कुठं आहेत? आपल्या फाटकावर. मुंबईत, पुण्यात, रात्रपाळीला काठी आपटत, हॉटेलात भांडी घाशीत. पश्चिम नेपाळातले हलिया म्हणजे कर्जापायी नांगराला जुंपलेले सालगडी, बहुतेक दलित. २००८ ला सरकारनं मुक्त केले. जमीन दिली? बहुतेकांना नाही. पोट घेऊन ते इकडं येतात. २०१७ ला आणि २०२२ ला परमुलखातून मत टाकायची सोय नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ ला सोय करा म्हणून सांगितलं होतं. कोण करणार? जो माणूस गावच्या सावकाराच्या तावडीतून सुटलाय, मोकळ्या मनानं मत टाकू शकतो, त्याचंच मत त्यांना नकोय. आपण त्याला बहादूर म्हणून हाक मारतो. त्याची जात, त्याचं गाव कधी विचारलं?

कुणी म्हणेल, नेपाळचं नेपाळपाशी. बरं. आपल्याकडं ना लढाई झाली, ना राजा पळाला. तरी २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यात उमराण्याची आणि नंदुरबारात खोंडामळीची ग्रामपंचायत निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली. पदांचा उघड लिलाव झाला होता. बोली लावणाऱ्यांत भूमिहीन महार, मांग, चांभार असेल का? बिनविरोध म्हणजे गावाची एकी असं पेपरवाले छापतात. एकी कसली? ज्याच्या तोंडात दात नाहीत त्याचा विरोध मोजलेला नाही, एवढंच.

म्हणून टाळ्या आवरा. खुर्ची सोडा असं मी म्हणत नाही. खुर्ची मिळाली ती धरा, पण ती टेकायला धरू नका. पहिली मागणी जमिनीची, कारण पाय आपल्या जमिनीवर असल्याशिवाय कंठ फुटत नाही. दुसरी, आपला उमेदवार आपल्या वस्तीच्या बैठकीत ठरवा, पुढाऱ्याच्या वाड्यावर नाही. तिसरी, निवडून आलेल्या बाईला एकटी सोडू नका. ती सभेला गेली की वस्तीतली वीस माणसं दाराबाहेर उभी करा. तोच तिचा पहारा. सरकारच्या बंदुकीपेक्षा तो जास्त टिकेल.

मतपेटीला कुलूप लावायला हजारो पोलीस मिळतात. मत देणारीच्या चुलीला राखण देणारा एकही नाही. तो आपण व्हायचं. नाहीतर साडेसहा हजार काय, साठ हजार खुर्च्या मिळू द्या. सतरंजी त्यांचीच राहील, आणि झाडायला आपल्याला बोलावतील.

जय भीम.