जळणाच्या लाकडाची वर्षाआधींची बेगमी

सुगी आटोपली म्हणजे सुलतानपूर, मेहकर, लोणार या टापूंत रोडग्यांच्या पंगती सुरू होतात. यजमान गहू महिनाभर आधीं निवडून ठेवतो. वांगीं कोणाच्या मळ्यांतून आणावयाचीं हेंही ठरलेलें असतें. लाकूड मात्र आदल्या दिवशीं बांधावरच्या बाभळीवर कुऱ्हाड घालून आणावयाचें, ही आपली रीत. आम्हीही एका वर्षीं तेंच केलें. गोवऱ्या कमी पडल्या म्हणून विस्तवांत ओल्या बाभळीचे ओंडके लोटले. निखारा कांहीं धरेना. धूर मात्र असा कोंदला कीं वाढपी डोळे पुसत हिंडूं लागले. रोडगे वरून काळे, आंत कच्चे, आणि पापुद्र्यास डांबराचा कडवटपणा. पाहुण्यांनीं सौजन्यानें खाल्ले, इतकेंच.

दोष बाभळीचा नव्हे, आमच्या घाईचा होय. बाभळीचा निखारा काय योग्यतेचा असतो हें लोहाराच्या भात्यापाशीं बसलेल्या कोणासही ठाऊक आहे. पण ताज्या लाकडाच्या वजनांत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणीच असतें. तें उकळून जाईपर्यंत विस्तव मंद राहतो, लाकडांतून निघणारे वायु पुरते जळत नाहींत, आणि त्यांचेंच डांबर होऊन अन्नावर बसतें. नीट वाळलेल्या लाकडांत शेंकडा १५ ते २० पाणी उरतें; त्याचा धूर विरळ असतो व अन्नास कडूपणा येत नाहीं.

ओलें लाकूड सावकाश जळतें म्हणून अधिक पुरतें, असें कित्येक जाणते सांगतात. आम्हांस हें मान्य नाहीं. तो सावकाशपणा पाणी आटविण्याचा आहे, व त्याचा खर्च त्याच लाकडाच्या उष्णतेंतून भागतो. क्विंटलावर ओलें लाकूड घेणारा तर पाण्याचेही पैसे मोजतो!

बाभळीची छाटणी दिवाळीनंतर करावी आणि ओंडके दीड हाताचे पाडून लागलेच फोडावे. ओली बाभूळ निमूट फुटते. वाळल्यावर ती कुऱ्हाडीची धार घेते. पाणी सालींतून फारसें निघत नाहीं, कापलेल्या टोकांतून व उघड्या अंगांतून निघतें. सालीखालीं भुंगाही घर करतो, म्हणून सुटेल तेवढी साल काढावी. रास दगडांवर वीतभर उंच, आडवे-उभे थर देऊन, वारा खेळेल अशी रचावी. पावसाळ्यांत वरून पत्रा पुरे. चहूंकडून ताडपत्री गुंडाळल्यास आंत बुरशी धरते. फोडलेल्या लाकडास आपल्याकडील एक कडक उन्हाळा बहुधा पुरतो, अखंड ओंडक्यास दोनही लागतात. टोकांस भेगा पडल्या, दोन तुकडे एकमेकांवर आपटून खणखणीत वाजले, आणि खूण केलेल्या तुकड्याचें वजन महिनाभरांत उतरलें नाहीं, म्हणजे काम झालें.

पंगतीचा धूर एका दिवसाचा. घरच्या चुलीचा बारमाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत सिलिंडर आले, तरी न्हाणीचें पाणी व भाकरी अनेक ठिकाणीं चुलीवरच होते. ओलें लाकूड आणणारा पुरुष शेतांत निघून जातो. फुंकणी हातीं घेऊन खोकते ती घरची बाई. तुरीचा दाणा दातानें पारखून मगच कोठींत भरणाऱ्या शेतकऱ्यानें चुलीपुढें ओला ओंडका टाकावा, हें आम्हांस शोभत नाहीं.

आमच्या गोठ्यामागें आतां दोन राशी आहेत, एक यंदाची व एक पुढल्या वर्षाची. दुसरीस हात लावण्यास घरांत मनाई आहे. ती मोडण्याचा मोह प्रथम आम्हांसच झाला होता, हें येथें कबूल करितों.