मॅच कुठे, मुक्काम कुठे

२८ सप्टेंबर २०१९ ला रग्बी विश्वचषकात शिझुओका प्रांतातल्या इकोपा स्टेडियममध्ये जपाननं आयर्लंडला १९-१२ असं हरवलं. रग्बीच्या जगात खळबळ उडाली. हिरव्या जर्सीत आलेल्या आयरिश प्रेक्षकांपुढे मात्र त्या रात्री वेगळाच पेच उभा राहिला. आयर्लंड गटात पहिला येणार असं धरून त्यांच्यातल्या अनेकांनी कितीतरी आधी २० ऑक्टोबरच्या क्वार्टर फायनलची तिकिटं काढली होती आणि टोकियोतल्या खोल्याही धरल्या होत्या. आता संघ दुसरा आला तर सामना १९ तारखेला. स्टेडियम तेच, शहर तेच, फरक एका दिवसाचा. पण हातातलं तिकीट दुसऱ्याच संघांचं. आणि झालंही तसंच. १९ ला आयर्लंडनं न्यूझीलंडकडून ४६-१४ असा मार खाल्ला, आणि २० तारखेच्या तिकिटावर दिसला तो जपान-दक्षिण आफ्रिका सामना.

ऐंशी मिनिटं एकमेकांच्या अंगावर आदळल्यावर खेळाडूंना सावरायला दिवस लागतात, म्हणून रग्बीचा विश्वचषक लांबत जातो. जपानमध्ये तो ४४ दिवस चालला. एवढी रजा कुणाला मिळते? आयर्लंडचे गटातले चार सामने योकोहामा, शिझुओका, कोबे आणि फुकुओका अशा चार ठिकाणी होते, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत वीस दिवस. मधल्या दिवसांतही राहायचं, खायचं, फिरायचं असतंच. दर चार वर्षांनी हा खर्च करणारी माणसं बहुतेक साधी नोकरदार किंवा पेन्शनर असतात, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

माझी मावसबहीण मेलबर्नला असते. तिच्या शेजारी मूळचं वेल्सचं एक निवृत्त जोडपं राहतं, २०१९ ला जपानला जाऊन आलेलं. त्यांची तेव्हाची वही बहिणीनं मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. उभ्या रेघा मारून रकाने केलेले: सामना, गाडी, खोली, भाडं. शेवटचा रकाना मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला. प्रत्येक खोलीपुढे पेन्सिलीनं एक तारीख लिहिलेली, पैसे न जाता बुकिंग रद्द करण्याची शेवटची तारीख. कोपऱ्यात आणखी एक नोंद होती: मोठ्या बॅगा कुरियरनं पुढच्या हॉटेलला पाठवायच्या. जपानमध्ये ही सोय उत्तम आहे, बॅग बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते. हॉटेलच्या खोल्या तिथे इतक्या लहान की दोन सुटकेसी उघडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही.

त्या दोघांनी वेल्सचे पहिले दोन सामने सोडून दिले. क्युशू बेट धरलं आणि तिथेच ठाण मांडलं. कारण फिजीविरुद्धचा सामना ओइताला, उरुग्वेविरुद्धचा कुमामोतोला, आणि वेल्स गटात पहिला येवो की दुसरा, क्वार्टर फायनल ओइतालाच. दिवस तेवढा बदलला असता. वेल्सचा संघ स्पर्धेआधी उत्तर क्युशूतल्या किताक्युशू शहरात सरावाला उतरला, तेव्हा सुमारे पंधरा हजार लोक तो सराव बघायला जमले आणि त्यांनी वेल्श भाषेत गाणी म्हटली. अशा मुलखात परक्याला परकं वाटत नाही.

दैवाचा भागही होताच. १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ होन्शू बेटावर येऊन थडकलं. टोकियोची विमानं थांबली, टोकियो-नागोया दरम्यानच्या बुलेट ट्रेन बंद झाल्या. योकोहामातला इंग्लंड-फ्रान्स आणि तोयोता सिटीतला न्यूझीलंड-इटली हे सामने दोन दिवस आधीच रद्द केले गेले. विश्वचषकात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. तिकिटाचे पैसे परत मिळाले. विमानाचे आणि हॉटेलचे कोण देणार? त्याच दिवशी क्युशूतल्या फुकुओकात आयर्लंड-सामोआ सामना सुरळीत पार पडला.

दुसऱ्या दिवशीचा नामिबिया-कॅनडा सामनाही रद्द झाला, आणि तो कामाइशीतला होता. हे पोलादाचं छोटं गाव. इथल्या संघानं १९७९ ते १९८५ अशी सलग सात वर्षं जपानचं अजिंक्यपद राखलं होतं. २०११ च्या त्सुनामीत गावातली हजारावर माणसं गेली, आणि लाटेनं उद्ध्वस्त केलेल्या दोन शाळांच्या जागेवर हे स्टेडियम उभं राहिलं. मोठ्या जमावाला पुरतील इतक्या खोल्या गावात नव्हत्याच, लोक आजूबाजूच्या शहरांतून गाड्यांनी येणार होते. तरीही जागतिक स्पर्धेचा सामना तिथे ठेवला गेला. मला तो निर्णय त्या अख्ख्या स्पर्धेतला सर्वांत मोलाचा वाटतो. सामना गेला, पण कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन रस्त्यावरचा चिखल उपसायला उतरले.

खोल्या कमी पडल्या तर काय करायचं, याचं चांगलं उत्तर न्यूझीलंडनं २०१७ मध्ये दिलं. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या संयुक्त संघाचा दौरा होता, ऐन हिवाळ्यात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचे प्रेक्षक हजारोंनी आले. दुसऱ्या कसोटीला वेलिंग्टन भरून वाहायला लागलं. कुणी गाडीतच संसार थाटला. तेव्हा स्थानिकांनीच चळवळ सुरू केली, लायन्सचा एक चाहता दत्तक घ्या. आषाढात पालखीच्या मुक्कामाच्या गावात दारं उघडतात, तशी तिथे घरं उघडली. ओळख ना पाळख, पण पाहुण्याला पलंग मिळाला आणि सकाळचा नाश्ताही.

आता पाळी ऑस्ट्रेलियाची आहे. १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७, सात शहरं, ५२ सामने. पर्थ ते सिडनी अंतर तीन हजार किलोमीटरांहून जास्त, म्हणजे रेल्वेच्या पासवर भागणार नाही, विमानच हवं. शिवाय संघ वीसचे चोवीस झालेत. सहा गटांतले पहिले दोन पुढे जाणार, आणि तिसऱ्या आलेल्यांपैकी सर्वांत चांगले चार. साखळीचा शेवटचा सामना संपेपर्यंत काहींना आपला संघ पुढे खेळणार की नाही, हेही कळायचं नाही. माझं मत स्पष्ट आहे: बाद फेरीत संघाच्या मागे धावू नये. एक शहर धरावं, खोली रद्द करता येईल अशीच घ्यावी आणि समोर येतील ते दोन संघ मन लावून बघावेत.

यजमानांकडूनही अपेक्षा आहे. टाउन्सव्हिल आणि न्यूकॅसल ही त्यातली लहान शहरं. सामन्याच्या आठवड्यात भाडी दुप्पट-तिप्पट करणं, आधी घेतलेलं बुकिंग मोडून तीच खोली चढ्या दरानं विकणं, हे प्रकार मोठ्या स्पर्धांच्या वेळी होतात, आणि त्यांना आळा घालणं नगरपालिकांच्या आणि राज्य सरकारांच्या हातात आहे. कॅम्पिंगसाठी मैदानं आणि शाळांची सभागृहं आत्ताच ठरवून जाहीर केली, तर वेल्समधला किंवा जॉर्जियातला माणूस निश्चिंतपणे पैसे साठवायला लागेल. पाहुण्यांना घरं उघडाल का, यावर मेलबर्नमधल्या घरमालकांचं उत्तर काय असेल ते मला ठाऊक नाही, पण एका घराचं ठाऊक आहे. शेजाऱ्यांची भावंडं कार्डिफहून येणार आहेत, आणि बहिणीनं त्यांना माडीवरची खोली देऊ केली आहे. भाडं घेणार नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलंय. शेजारीण मात्र निदान वाणसामान तरी भरू द्या म्हणून हटून बसली आहे.