गिझरच्या तोंडाला बूच

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. विषय न्हाणीघरातला आहे, त्यामुळे काहींना क्षुल्लक वाटेल. वाटू दे.

गिझरच्या खाली, थंड पाण्याची नळी जिथे जोडतात तिथे, बोटभर लांबीचा एक धातूचा तुकडा असतो. तो सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापू लागले की त्यातून थेंब थेंब पाणी पडते. आणि पाणी पडले की आपल्याकडे सर्वत्र एकच उपाय सांगितला जातो : त्याच्या तोंडाला बूच मारा. कारागीर मंडळी त्याला 'डमी' म्हणतात. टेफलॉन टेप गुंडाळायची, पान्याने आवळायचे, काम पाच मिनिटांचे. माझे स्पष्ट मत आहे की हे बूच मारणे हा गुन्हा समजला पाहिजे, आणि मारणाऱ्याइतकाच ते मारून घेणाराही दोषी धरला पाहिजे.

एवढा राग येण्याचे कारण सांगते. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : "ज्या सभासदांच्या गिझरमधून पाणी गळते त्यांनी ते आठ दिवसांत बंद करून घ्यावे." खालच्या मजल्यांवर भिंतींना ओल येते ही तक्रार खरी आहे, मी नाकारत नाही. सोसायटीने एक प्लंबरही ठरवून दिला. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच दिवशी सात घरे उरकून आला होता. मी नको म्हटल्यावर म्हणाला, "आंटी, सबका किया है, आपको क्या डर है?" भीती मला माझी नाही. माझ्या वरच्याच घरात दोन लहान मुले आहेत, आणि त्या घरातही बूच बसले आहे.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. यंत्रातले मला काय कळणार, असे सोसायटीच्या सभेत एकाने ऐकवलेच. पण गिझरबरोबर येणारी पुस्तिका मराठी-हिंदी-इंग्रजी वाचता येणाऱ्या कोणालाही कळते. ज्या गोष्टीवर रोज हात फिरवायचा ती समजून घ्यायला पदवी लागत नाही.

पाणी तापले की फुगते. 25 लिटरच्या गिझरमधले पाणी 25 अंशांवरून 75 अंशांवर नेले तर ते साधारण अर्ध्या लिटरहून थोडे जास्त वाढते. हे वाढलेले पाणी कुठे जाणार? थंड पाण्याच्या नळीत उलटे जाऊ शकले असते, पण बहुतेक ठिकाणी याच व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे फिरू न देणारी झडपही असते. म्हणजे वाट एकच, हा थेंब. तापताना पडणारे थेंब म्हणजे बिघाड नव्हे. व्हॉल्व्ह आपली नोकरी करतो आहे.

आपल्या आजीच्या बंबाला व्हॉल्व्ह नव्हता, हे काही जण सांगतील. अगदी बरोबर. कारण बंब उघडा होता! वरच्या नरसाळ्यात थंड पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी बाहेर यायचे. दाब साठायला जागाच नव्हती. गिझर हे बंद भांडे आहे. बंद भांडे आणि विस्तव एकत्र आले की सुटकेची वाट लागतेच. 1679 साली डेनिस पापँ याने लंडनमध्ये आजच्या प्रेशर कुकरचा पूर्वज लोकांना दाखवला, आणि त्या भांड्याला लवकरच वजन ठेवलेली झडप बसवावी लागली. कुकरची शिट्टी दोऱ्याने बांधून ठेवणारी सून आपल्याला सापडेल का? मग गिझरच्या बाबतीतच आपण असे कसे शहाणे होतो?

आता विरोधकांचे मुद्दे घेऊ.

पहिला : "थर्मोस्टॅट आहे ना, पाणी तापले की वीज आपोआप बंद होते." होते, जोवर थर्मोस्टॅट धड असतो तोवर. त्यातले संपर्क एकमेकांना चिकटले तर वीज चालूच राहते. म्हणून त्याच्यामागे दुसरा पहारेकरी असतो, थर्मल कट-आउट. तोही चुकला तर तिसरा आणि शेवटचा हा व्हॉल्व्ह. पहिले दोघे विजेवर काम करतात, हा एकटा केवळ दाबावर. बऱ्याच घरगुती गिझरवर 8 बार हा आकडा छापलेला असतो. म्हणजे सुमारे 80 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब. एवढ्या दाबाखाली पाणी 100 अंशांवर उकळत नाही, 170 अंशांच्याही पुढे पाणीच राहते. टाकी फुटली की त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. आपल्या न्हाणीघरात तेवढी जागा कुठून आणायची?

दुसरा मुद्दा : "इतकी वर्षे कुठे काय झाले?" अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील स्पेन्सर गावच्या स्टार एलिमेंटरी स्कूलमध्ये 19 जानेवारी 1982 रोजी जेवणाच्या सुमारास पाणी तापवण्याची टाकी फुटली. सहा मुले आणि एक शिक्षिका गेली, तीसहून अधिक जखमी झाले. तापमानाचे नियंत्रण बिघडले होते आणि सुटकेचा व्हॉल्व्हही धड नव्हता. टाकी आपल्या गिझरपेक्षा कितीतरी मोठी होती हे मान्य. पण मी जन्मभर शाळेत काढली आहे. मधल्या सुट्टीच्या वेळी शाळा कशी गजबजलेली असते ते मला कोणी सांगायला नको.

आमचा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडून कळले ते ऐका. तिकडच्या प्लंबिंगच्या नियमावलीत या व्हॉल्व्हला जोडलेल्या नळीच्या टोकाला आटे पाडायलाच मनाई आहे. का? तर कोणाला तिथे बूच बसवता येऊ नये म्हणून! माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. तिकडे तो ओळखून नियम केला, आपण फळ्यावर सूचना लावली.

आणि आपल्या भिवंडीला हे नवे नसावे. यंत्रमागाच्या सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने इथे आहेत, त्यांत बॉयलर आहेत. बॉयलरसाठी देशात 1923 पासून कायदा होता, 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. बाष्पके संचालनालयाची तपासणी असते, प्रमाणपत्र असते. कारखान्यात बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला कोणी बूच मारले तर आपणच बोंब ठोकू. घरी मात्र तेच काम आपण बक्षिसी देऊन करवून घेतो.

तिसरा मुद्दा ओलीचा. त्याला उत्तर सोपे आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी लावून ती खाली गटारापर्यंत सोडा, टोक उघडे ठेवा. भिंत कोरडी राहील.

राहिला खरोखर बिघडलेला व्हॉल्व्ह. पाणी तापताना थेंब पडून नंतर थांबले तर चिंता नको. गिझर बंद असताना, गार असतानाही पाणी पडतच असेल तर आत क्षार किंवा कचरा अडकला आहे, स्प्रिंग ढिली पडली आहे, नाहीतर नळालाच दाब जास्त आहे. बोअरचे पाणी असेल तर क्षार लवकर साचतात. आणि तापताना एकही थेंब कधीच पडत नसेल, तर तो जाम झाला असू शकतो. तेव्हा गप्प आहे म्हणून खूश होऊ नका, तपासून घ्या. तिन्ही वेळी उपाय तोच : जाणत्या माणसाला बोलावणे आणि लागलाच तर त्याच दाबाचा नवा व्हॉल्व्ह बसवणे. त्याला काहीशे रुपये पडतात. आपण एका वेळच्या हॉटेलात याहून जास्त घालवतो.

खोड अशी आहे की आपल्याला दोष दूर करायचा नसतो, आवाज बंद करायचा असतो. वर्गात तक्रार करणाऱ्या मुलाला आधी "गप्प बस" म्हणणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले.

सोसायटीला मी लेखी पत्र दिले आहे. मागण्या दोनच. सूचनेतला "बंद करून घ्यावे" हा शब्दप्रयोग काढून "नळी लावावी किंवा व्हॉल्व्ह बदलावा" असे लिहावे, आणि त्या सात घरांतली बुचे सोसायटीच्या खर्चाने काढावीत. अजून उत्तर आलेले नाही. वरच्या घरातल्या सूनबाईंना मात्र मी स्वतः जाऊन सांगितले, आणि व्हॉल्व्ह बदलेपर्यंत त्या मुलांचे पाणी गॅसवर तापवताहेत.

नातेवाईक आणि ब्लॉगवरची सगळी मंडळी, तुम्हाला एकच विनंती. उद्या अंघोळीला जाल तेव्हा मान वर करून त्या व्हॉल्व्हकडे एकदा बघा. तोंड उघडे आहे ना? नसेल तर आधी गिझरचे बटण बंद करा, आणि मग मला प्रतिक्रिया लिहा.