गेलेला वारस परत आणू नका

‘द सिम्स ४’ या खेळात मध्ययुगीन राजघराणं उभं करणाऱ्या, किंवा तसा विचार करणाऱ्या सगळ्यांना कळकळीनं एक सांगायचं आहे. युवराज मेला तर मरू द्या. जुना सेव्ह उघडून त्याला परत आणू नका.

मूळ खेळ साध्या घरसंसाराचा आहे. माणसं जेवतात, झोपतात, लग्न करतात, म्हातारी होतात. गादी, वारसा, मानपान हे सगळं आपण मानायचं, म्हणजे नियमही आपणच घालायचे आणि आपणच पाळायचे. बहुतेकांचं इथेच बिनसतं. पहिल्याच पिढीत पैशांचा चीट मारला जातो. आवडता राजा म्हातारा होऊ लागला की सेटिंगमध्ये जाऊन वय वाढणं बंद केलं जातं. गरोदरपणी गाजरं खाल्ली की या खेळात मुलगा होण्याची शक्यता वाढते, म्हणून राणीला गाजरं खाऊ घातली जातात. मग आठ पिढ्या बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू अशा सरळ चालतात, आणि त्यातला एकही राजा खेळणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

इंग्लंडचं प्लँटॅजेनेट घराणं बघा. मध्ययुग खेळायचं असेल तर यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. ते गादीवर आलंच मुळी एका वारसाच्या मृत्यूमुळे. ११२० च्या नोव्हेंबरात ‘व्हाइट शिप’ हे जहाज नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम त्यात बुडाला. राजानं सरदारांकडून मुलगी मटिल्डासाठी शपथा घेतल्या. ११३५ मध्ये राजा गेला आणि त्याच्या भाच्यानं, स्टीफननं, मुकुट बळकावला. पुढची कितीतरी वर्षं यादवी चालली. शेवटी ११५३ मध्ये तडजोड झाली: स्टीफननं मरेपर्यंत राज्य करावं, त्याच्यानंतर मटिल्डाच्या मुलानं. तो दुसरा हेन्री ११५४ मध्ये राजा झाला आणि त्याच्या वंशानं १४८५ पर्यंत राज्य केलं. विल्यम बुडाल्यावर कोणी जुना सेव्ह उघडला असता, तर यातलं काहीच घडलं नसतं.

अडचण अशी की या खेळात तान्ही बाळं आणि रांगती-चालती पोरं मरत नाहीत. मध्ययुगात ती सतत जात. पहिल्या एडवर्डला आणि कॅस्टिलच्या एलेनॉरला किमान चौदा मुलं झाली, त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. अल्फोन्सो नावाचा त्यांचा वारस १२८४ मध्ये दहा वर्षांचा होऊन वारला, म्हणून त्याच वर्षी जन्मलेला एडवर्ड पुढे राजा झाला. तेव्हा फासा जवळ ठेवा. मुलाचा प्रत्येक वाढदिवस आला की फासा टाका, एक पडला तर ते मूल घरातून कायमचं काढा. बाळंतपणानंतर राणीसाठीही टाका. १३४८ सालच्या पिढीत घरातल्या प्रत्येकासाठी टाका, कारण त्या वर्षी प्लेग इंग्लंडमध्ये पोचला. तिसऱ्या एडवर्डची मुलगी जोन त्याच साली लग्नासाठी कॅस्टिलला निघाली होती. ती वाटेत बोर्दोजवळ प्लेगनं गेली. राजाची मुलगी म्हणून तिला सूट मिळाली नाही, तुमच्या राजकन्येलाही देऊ नका.

एका घरात आठच माणसं राहू शकतात, याचा त्रास वाटून घेऊ नका. ही मर्यादा फार उपयोगी आहे. धाकट्या मुलांना वेगळी घरं द्या, पण त्याच सेव्हमध्ये ठेवा आणि अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन खेळा. जॉन ऑफ गाँट हा तिसऱ्या एडवर्डचा असाच धाकटा मुलगा. त्याच्या मुलानं, हेन्रीनं, १३९९ मध्ये चुलतभाऊ दुसऱ्या रिचर्डला गादीवरून खाली खेचलं. तुमच्या घराण्यातही धोका बहुधा अशाच धाकट्या पातीकडून येईल.

आणि राणीला नुसती मुलं जन्माला घालायला ठेवू नका. एखादी पिढी तिच्या बाजूनं खेळा. अक्विटेनची एलेनॉर आधी फ्रान्सची राणी होती, मग दुसऱ्या हेन्रीशी लग्न करून इंग्लंडची झाली. ११७३ मध्ये मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं तेव्हा ती मुलांच्या बाजूनं उभी राहिली आणि नवरा मरेपर्यंत, म्हणजे ११८९ पर्यंत, कैदेत राहिली. पुढे सत्तरी उलटल्यावर पिरेनीज ओलांडून ती स्वतः कॅस्टिलला गेली आणि नातीला फ्रान्सच्या युवराजासाठी घेऊन आली. असं आयुष्य खेळायला मिळत असताना राणीला स्वयंपाकघरात उभं करून ठेवण्यात काय अर्थ आहे?

मराठी खेळाडूंनी देवगिरीचे यादव घ्यायलाही हरकत नाही. राजा कृष्णानंतर त्याचा भाऊ महादेव गादीवर आला. महादेवानंतर त्याचा मुलगा आमण बसला, आणि १२७१ मध्ये कृष्णाच्या मुलानं, रामचंद्रानं, त्याच्याकडून राज्य हिसकावलं. हे चुलतभावांचं वैर सिम्समध्ये नेमकं उतरतं. कपडे आणि वाडे हुबेहूब मिळणार नाहीत, त्यासाठी अडून बसू नका.

महागडी विस्तार-पॅक घेऊ नका. मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे आणि एवढ्यासाठी तो पुरतो. एक वही मात्र घ्या. प्रत्येक राजासाठी एक पान ठेवा: जन्म, लग्नं, कोणाशी वाकडं, कशानं गेला. फाशानं नेलेल्या पोरांचीही नावं लिहा. चौथ्या पिढीत पणजोबाचं भांडण कशावरून होतं ते खेळ सांगणार नाही, वहीच सांगेल.

निदान तीन पिढ्या असं खेळून बघा. वारस गेला की तिथेच सेव्ह करा, वहीत नोंद करा आणि पुढे कोण बसतो, किंवा बसते, ते ठरवा.