ज्याची कागाळी, त्यालाच पत्ता नाही

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, की चकलीबरोबर एखाद्याच्या अब्रूचाही तुकडा मोडला जातो. त्याला माझी हरकत नाही. घरच्या गप्पांना पंचनामा लागत नाही. माझे भांडण आहे ते संस्थांशी. शाळा असो, पतपेढी असो की ग्रंथालय असो, तिथे कुणाच्या तरी वर्तनाविरुद्ध तक्रार येते. कार्यवाह ती कपाटात ठेवतात आणि अध्यक्षांच्या कानावर घालतात, अध्यक्ष खजिनदारांच्या. आठ दिवसांत ती शिपायालाही ठाऊक होते. पोचत नाही ती एकाच माणसापर्यंत. तो बिचारा नमस्कार करतो आणि समोरचे लोक घड्याळाकडे पाहू लागतात.

विचाराल तर उत्तर तयार असते : ‘अहो, अजून काहीच सिद्ध झालेले नाही, उगाच कशाला दुखवायचे?’ काय ही कणव! सिद्ध झालेले नाही म्हणूनच तर सांगायचे. सिद्ध झाल्यावर सांगून तो काय करणार?

केंब्रिजच्या रिचर्ड बेंटलीची गोष्ट सांगतो. ग्रीक विद्येतला हा जाडा पंडित, आणि तितकाच भांडखोर. विद्यापीठाच्या न्यायासनाचा त्याने अवमान केला, असा ठपका ठेवून १७१८ साली त्याच्या पदव्या काढून घेतल्या. पण त्याला बोलावून विचारले मात्र नाही. १७२३ साली लंडनच्या न्यायालयाने पदव्या परत द्यायला लावल्या. तेव्हा न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू म्हणाले, की प्रत्यक्ष देवानेही आदमला शिक्षा सुनावण्याआधी त्याचे म्हणणे विचारले होते. देवाला तर सगळे आधीच ठाऊक होते! आमच्या कार्यकारिणीला देवापेक्षा अधिक ठाऊक असते, असे दिसते.

आपल्याकडे कायदा याबाबत मुका नाही. सरकारी नोकराला बडतर्फ करण्यापूर्वी, काही अपवाद सोडल्यास, आरोप कळवलेच पाहिजेत, असे घटनेचे ३११ वे कलम सांगते. १९६१ च्या कायद्याने शिस्तभंगाच्या चौकशीत वकिलालाही नोटीस मिळते. दुसऱ्याची बाजू मांडून पोट भरणाऱ्यालासुद्धा स्वतःसाठी तारीख लागते. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यातल्या एका अभियंत्याची बढती गोपनीय अहवालातल्या ‘चांगला’ या शेऱ्यामुळे हुकली, कारण हवा होता ‘फार चांगला’. शेरा त्याला कुणी दाखवलाच नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की शेरा बरा असो की वाईट, तो ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. ‘चांगला’ म्हटलेलेही जिथे लपवायचे नाही, तिथे ‘लबाड’ म्हटलेले लपवायचे?

आता एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांशीही माझे पटत नाही. तक्रार करणारी एखादी तरुण मुलगी, आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती व्यक्ती तिची वरिष्ठ. नाव कळले तर तिचे काय होईल? रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात हाच पेच पडला होता. रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसल्याचा आरोप काही विद्यार्थ्यांवर होता. समितीने मुलींच्या जबान्या त्यांच्या पाठीमागे घेतल्या, नावे उघड केली नाहीत. पण आरोप त्यांच्यासमोर ठेवले आणि उत्तर मागितले. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ही रीत योग्य ठरवली. म्हणजे नाव झाकता येते, आरोप झाकता येत नाही. आमच्या संस्था नेमके उलटे करतात : आरोप झाकून ठेवतात आणि नावे गावभर करतात.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी २०१३ चे नियम पाहा. याहून नाजूक तक्रार कोणती? तरीही तक्रारीची प्रत कामाच्या सात दिवसांत समोरच्याला पाठवायची, आणि त्याने कामाच्या दहा दिवसांत उत्तर द्यायचे. इतक्या अवघड बाबतीत जे जमते, ते ग्रंथालयाच्या पावतीपुस्तकाच्या तक्रारीत का जमू नये?

कारण उघड आहे. न कळवलेली तक्रार म्हणजे कपाटातले हत्यार. निवडणूक आली, बढती आली, की ते हळूच बाहेर काढायचे : ‘तसे काही नाही हो, पण त्यांच्याविरुद्ध पूर्वी एक अर्ज आला होता...’ अर्जाचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझे मागणे एवढेच, की आलेली तक्रार मूळ शब्दांत, लेखी, आठवड्याच्या आत ज्याची त्याला द्या. जरूर तिथे नाव गाळा. आणि ती पोकळ निघाली, तर तसेही दोन ओळींत कळवा. टपालहशील परवडत नसेल, तर माझ्या वर्गणीतून कापून घ्या.