मामाले बोलू द्या!

मिरचीचा हंगाम आला की भिवापूरला जाणं होतंच. ठसक्याने जीव जातो, पण तरी! यंदा मामाला थेट सातऱ्यावरच गाठलं. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : सातरा म्हणजे वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायची जागा.) पोलिओने मामाचे दोन्ही पाय लहानपणीच नेले. हे काम बसून करायचं, म्हणून त्याला जमतं.

मागच्या वर्षी त्याच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या बाबूने माझ्याकडे बघून विचारलं, "यांना काय पाहिजे?" आणि मी शहाणा सांगायला लागलो! नाव, गाव, टक्केवारी, सगळं मीच. बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "पाय गेले बाप्पा, तोंड हाय ना अजून."

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आपल्या घरात अपंगांची संघटना म्हटलं की नाकं मुरडतात. मोर्चे, राजकारण, चंदा... रागावू नका, पण मला हे पटत नाही. १९९५ चा अपंग कायदा आभाळातून पडला नाही. त्या डिसेंबरात जावेद आबिदींसारखे लोक व्हीलचेअरवर बसून दिल्लीत संसदेबाहेर धरणं देत होते. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, तेही असंच भांडून. जून २०२५ मध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांच्या मानधनाचीही मागणी होती. मागितले होते सहा हजार. सप्टेंबरात सरकारने दीड हजाराचे अडीच केले. त्यांचं राजकारण पटो न पटो, मामाच्या खात्यात हजार रुपये वाढले.

पण संघटनांवरही माझा राग आहेच. ३ डिसेंबरला मंडप, हार, तीनचाकी वाटप, फोटो. ४ तारखेला कोण? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कशावर, हे ठरवताना मामासारख्याला कोणी विचारतं का? मी विचारलं. मला वाटलं, पैसे म्हणेल. तर म्हणाला, संडासात धरायला एक दांडा पाहिजे, पंचायतीच्या दारात उतार पाहिजे, आणि तपासणीचं शिबिर तालुक्यात पाहिजे. नागपूर इथून सत्तरेक किलोमीटर. छोटी रेल्वे ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हापासून यष्टीचाच आधार. भाड्यात सवलत ७५ टक्के, पायऱ्या मात्र शंभर टक्के!

यातलं एकही मागणं मुंबईच्या मोर्चात निघणार नाही. त्यासाठी गावातलीच चार माणसं हवीत, दर महिन्याला जाऊन बसणारी. मामाने ती जमवलीत : एक आंधळा भजनी, ऐकू न येणारी एक शिवणवाली, आणि एका मतिमंद मुलाची आई. नाव नाही, पावतीपुस्तक नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला सगळे जाणार आहेत. मला फक्त गाडी घेऊन यायला सांगितलंय.

"मी आत येऊ का?" विचारलं.

"ये ना," मामा म्हणाला. "मांगं बसजो."