फिरते विश्व आणि फसवी मोजदाद

लाखनीच्या शिवारात धानाच्या जागलीला बसलेला माणूस रात्रभर तारे ध्रुवाभोवती फिरताना पाहतो, तेव्हा तो विश्वाचेच परिवलन, म्हणजे स्वतःभोवतीचे फिरणे, पाहत असतो, असा सिद्धान्त अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जात आहे. पृथ्वी फिरते, सूर्य फिरतो, आकाशगंगा फिरते, मग एकटे विश्वच स्वस्थ कसे बसेल, हा या पक्षाचा युक्तिवाद. आणि जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली दीर्घिकांची मोजणी हा त्याचा हुकमी एक्का. पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, हे शेपूट अर्थातच जोडलेले आहे.

शेपटाचा निकाल आधी लावलेला बरा. तारे फिरताना दिसतात ते पृथ्वी फिरते म्हणून, हे पाचव्या शतकाच्या अखेरीस एका भारतीय गणितज्ञानेच लिहून ठेवले, आणि पुढच्या टीकाकारांनी आकाशच फिरते ठेवण्यासाठी त्याच्या श्लोकांचा अर्थ वाकवला. तेव्हा या पक्षाला पूर्वज हवेच असतील, तर ते त्या टीकाकारांत शोधावेत. ‘सगळे फिरते म्हणून विश्व फिरते’ हे अनुमान तर उत्तर देण्याच्याही योग्यतेचे नाही.

उरते ती मोजणी. २६३ दीर्घिकांपैकी १५८ एका दिशेने आणि १०५ उलट दिशेने फिरताना दिसल्या. हे प्रमाण साठ टक्के भरते, परंतु प्रचारात ते खुशाल ‘दोनतृतीयांश’ होऊन बसले. मुळात दीर्घिका घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते की उलट, हा तिचा अंगचा गुण नसून ती कोणत्या बाजूने पाहिली यावर ते ठरते. दिवाळीनंतरच्या मंडईत आकाशपाळणा अलीकडच्या गर्दीला उजवा फिरताना दिसतो, तर पलीकडच्या गर्दीला डावा, आणि खोटे कोणीच बोलत नसते. म्हणून विश्वाला अक्ष असेल आणि दीर्घिका त्याला अनुसरून फिरत असतील, तर अक्षाच्या एका टोकाकडे एका दिशेचे व विरुद्ध टोकाकडे उलट दिशेचे आधिक्य दिसायला हवे. मोजलेला तुकडा मात्र एकाच बाजूचा, तोही चंद्रबिंबाहून लहान. त्यात माणसाच्या नजरेचाही भरवसा नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलक्सी झू’ प्रकल्पात असंख्य स्वयंसेवकांनी सर्पिल दीर्घिकांच्या दिशा नोंदवल्या, तेव्हा काट्यांच्या उलट फिरणाऱ्या जास्त भरल्या. मग चित्रे आरशातल्यासारखी पालटून दाखवली, तेव्हा आधिक्यही पालटायला हवे होते, पण ते होते तिथेच राहिले.

प्रश्न मात्र निरर्थक नाही. कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून फिरते विश्व मांडले, अमल कुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणात परिवलनाला स्वतंत्र पद आहे, आणि कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६३ मध्ये अशाच विश्वांवर शोधनिबंध लिहिला. या परंपरेत प्रश्न नेमका आहे: दोलकाचे प्रतल ज्या चौकटीला धरून राहते, ती दूरच्या दीर्घिकांच्या सापेक्ष फिरते का? लाखनीच्या अक्षांशावर फूकोच्या दोलकाचे प्रतल साधारण ६७ तासांत एक फेरी पुरी करते, आणि पृथ्वीच्या ताऱ्यांसापेक्ष परिवलनाचा हिशेबही तेच सांगतो. याहून कठोर कसोटी सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीची, म्हणजे बाल्यावस्थेतील विश्वाकडून आजही येणाऱ्या मंद प्रारणाची आहे. विश्व फिरत असेल, तर या प्रारणाच्या तापमानातील चढउतारांना पीळ पडलेला दिसावा. प्लँक उपग्रहाच्या नकाशांवरून तपासलेल्या प्रतिमानांत परिवलनाचा दर प्रसरणाच्या दराच्या अब्जांशाहूनही कमी निघाला. प्रतिमान बदलल्यास ही मर्यादा बदलू शकते, परंतु त्यासाठी दुसरे गणित मांडावे लागेल आणि आकाशाच्या दोन्ही टोकांकडील दीर्घिका मोजाव्या लागतील.